केसांची गळ आणि पेशींचा मृत्यू

१

बंगाली विज्ञानकथेचा आरंभ शोधू लागलेला अभ्यासक लवकरच एका केशतेलाच्या बाटलीपाशी येऊन पोहोचतो. इ. स. १८९६ मध्ये ‘कुंतलीन’ नावाच्या तेलाचे उत्पादक हेमेंद्रमोहन बोस यांनी कथालेखनासाठी पुरस्कार ठेवला, आणि पहिल्या वर्षी तो जगदीशचंद्र बोस यांच्या ‘निरुद्देशेर काहिनी’ या कथेस मिळाला. कोलकात्यावर चालून येणारे वादळ एकाएकी नाहीसे होते, वेधशाळा आणि शास्त्रज्ञ चकित होतात, आणि अखेरीस उलगडा होतो तो असा की, समुद्रप्रवासास निघालेल्या एका विरळ केसांच्या गृहस्थाने आपल्याजवळील केशतेल खवळलेल्या लाटांवर ओतले होते. पुढे १९२१ मध्ये ‘अव्यक्त’ या आपल्या लेखसंग्रहात जगदीशचंद्रांनी ही कथा काही फेरफार करून ‘पलातक तुफान’ या नावाने समाविष्ट केली. कथेतील विनोद तेलाच्या पाण्यावरील परिणामाशी निगडित आहे, आणि अभ्यासकांचे लक्षही बहुधा तेथेच जाते. परंतु कथेतील एक साधा तपशील आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे : या गृहस्थाचे केस तापाच्या आजारात गेलेले आहेत.

जगदीशचंद्रांनी १९१७ मध्ये स्थापन केलेल्या बसु विज्ञान मंदिराचे, म्हणजेच बोस इन्स्टिट्यूटचे, एक संकुल आज कोलकात्याच्या पूर्वेस सॉल्ट लेक येथे उभे आहे. पेशी कशा मरतात हा या संस्थेतील संशोधनाचा एक विषय राहिला आहे; हळदीतील कुर्क्युमिन या द्रव्यामुळे कर्करोगाच्या पेशी मृत्यूच्या मार्गास कशा लागतात, याविषयीचे शोधनिबंध येथून प्रसिद्ध झालेले आहेत. तापानंतर केस का जातात हा संस्थापकाच्या कथेत सहज येऊन गेलेला प्रश्न. त्याचे उत्तरही आजचे जीवशास्त्र पेशीमृत्यूच्याच परिभाषेत देते. ते उत्तर साहित्याच्या अभ्यासकांसमोर मांडावे, आणि आपल्या भाषांनी केसांविषयी रूढ केलेल्या कल्पना त्यावर पारखून पाहाव्यात, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

मराठीत केस उगवतो, वाढतो, पिकतो आणि गळतो किंवा झडतो. ही सारी क्रियापदे झाडाझुडपांची आहेत. बंगालीतही केस ‘गजाय’, ‘पाके’ आणि ‘झरे’. हिंदीत बाल ‘उगते’, ‘पकते’ आणि ‘झड़ते’ हैं. मराठीची पानझड, हिंदीची पतझड़ आणि बंगालीची पाता-झरा यांतील क्रिया केसांनाही जशीच्या तशी लागू केली जाते. माणसाचे डोके हे एक शेत आहे, असे रूपक या भाषांनी मुकाट्याने स्वीकारले आहे. रूपक केवळ बोलण्यापुरते राहत नाही, ते वागणूकही ठरविते. शेत सुकले तर पाणी घालावे, तसे केस विरळ झाले तर तेल जिरवावे. झाड छाटले की जोमाने फुटते, तसे केस कापले की दाट येतात. आणि जमीनच नापीक झाली तर दोष धन्याच्या दैवाकडे जातो. म्हणून हे रूपक कोठपर्यंत खरे आहे हे तपासणे केवळ कुतूहलाची बाब नाही.

२

त्वचेच्या वर जो केस दिसतो त्यात एकही जिवंत पेशी नसते. कात्री लावली तरी वेदना होत नाही, याचे कारण हेच. जिवंत भाग त्वचेच्या आत, केशपुटकात असतो. पुटकाच्या तळाशी कांद्याच्या आकाराचा केशकंद असतो. त्याच्या पोटात रक्तवाहिन्या असलेला लहानसा केशांकुर शिरलेला असतो, आणि त्याला वेढून जननस्तराच्या पेशी असतात. शरीरातील सर्वांत वेगाने विभागणाऱ्या पेशींत यांची गणना होते. नव्या पेशी खालून येतात आणि जुन्या वर ढकलल्या जातात. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो तो या ढकलण्यामुळे.

येथेच शेताचे रूपक प्रथम अडखळते. झाडाचा वाढता कोंब वर असतो, केसाचा वाढता भाग तळाशी. झाडाचा शेंडा खुडला तर खालच्या सुप्त कळ्या जाग्या होतात. केसाचे टोक कापले तर पुटकाला त्याची वार्ताही लागत नाही. मुंडनानंतर केस राठ वाटतात याचे कारण इतकेच की, निमुळते टोक जाऊन जाड बुंधा बाहेर आलेला असतो. तेलाचीही गोष्ट तशीच. मुंबईतील एका उद्योगाच्या प्रयोगशाळेतून २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात खोबरेल तेल केसाच्या दांड्यात शिरते आणि धुताना व विंचरताना होणारा प्रथिनांचा क्षय कमी करते, असे दिसून आले. हा लाभ खरा आहे. मात्र तो मृत दांड्याला होतो. तेलाने दांडा राखला जातो, नवा केस त्याने उगवत नाही.

पेशी जननस्तर सोडून वर सरकू लागली की तिच्या मृत्यूची तयारी सुरू होते, आणि या तयारीत विकरांचे कार्य दिसू लागते. विकर म्हणजे शरीरातील रासायनिक क्रिया घडवून आणणारे, पण त्या क्रियेत स्वतः खर्ची न पडणारे द्रव्य. ते बहुधा प्रथिन असते. प्रत्येक विकराचे काम ठरलेले असते : कुलपाला किल्ली जुळावी तसे ते ठराविक द्रव्यालाच जुळते. वर सरकणाऱ्या पेशीत प्रथम केराटिन या चिवट प्रथिनाचे तंतू दाटीने भरले जातात. मग ट्रान्सग्लुटामिनेज ही विकरे पुटकातील प्रथिनांना परस्परांशी पक्के जोडतात. केराटिनातील गंधकाच्या अणूंमध्येही दुवे तयार होतात, आणि केसाला बळकटी येते ती मुख्यत्वे या गंधकाच्या दुव्यांमुळे. अखेरीस पेशीचे केंद्रक मोडले जाते. त्यातील आनुवंशिक द्रव्याचे तुकडे करण्याचे काम एक स्वतंत्र विकर करते. न्यायवैद्यकाच्या तज्ज्ञांना तुटलेल्या केसापेक्षा मुळासकट निघालेला केस अधिक हवा असतो, त्यामागे हेच कारण आहे. अशा रीतीने पेशी मरते आणि तिच्या मृत देहाचाच केस होतो. भिंतीत वीट बसते त्याप्रमाणे ती आपल्या जागी राहते. या पहिल्या प्रकारास आपण घडविणारा मृत्यू म्हणू.

प्राचीन वैद्यकाने केसांना अस्थिधातूचा मल मानले होते. तपशिलात ही उपपत्ती आज टिकणारी नाही. परंतु केस हा शरीराचा चेतन अवयव नसून शरीराने बाहेर टाकलेले द्रव्य आहे, ही तिच्यामागील निरीक्षणाची दिशा लक्षणीय आहे.

३

दुसऱ्या प्रकारचा मृत्यू यापेक्षा सर्वस्वी वेगळा. तो समजण्यासाठी एका शब्दाचा इतिहास पाहिला पाहिजे. केर, वायली आणि करी या तीन विकृतिशास्त्रज्ञांनी १९७२ मध्ये एका निबंधात असे दाखविले की, शरीरातील पेशी दोन रीतींनी मरतात. जखम, विष किंवा रक्त न पोहोचणे यांमुळे मरणारी पेशी फुगते, फुटते आणि भोवताली दाह उत्पन्न करते. परंतु काही पेशी शांतपणे आक्रसतात, त्यांचे लहान लहान तुकडे होतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. मागे खूण राहत नाही. या दुसऱ्या रीतीला नाव हवे होते. अ‍ॅबर्डीन विद्यापीठातील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी ‘अपॉप्टोसिस’ हा शब्द सुचविला. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ फुलांच्या पाकळ्या किंवा झाडाची पाने गळणे असा आहे.

भारतीय भाषांच्या अभ्यासकाला या निवडीत एक ओळखीची वाट दिसेल. पान गळणे आणि केस गळणे यांसाठी आपण एकच क्रियापद वापरत आलो, आणि पेशींच्या अभ्यासकांनीही पानगळीचाच शब्द घेतला. ही निवड शास्त्रदृष्ट्याही योग्य ठरते. पान वाऱ्याने पडते असे वाटते, पण प्रत्यक्षात झाडच ते सोडून देते : देठाच्या बुडाशी पेशींचा एक थर तयार होतो आणि पेशींना जोडणारे द्रव्य विरघळविणारी विकरे तेथे कामास लागतात. वारा निमित्तमात्र असतो. पेशीच्या गळीतही असेच घडते. कॅस्पेज नावाची विकरे प्रत्येक पेशीत निष्क्रिय रूपात असतात. इशारा मिळाला की एक कॅस्पेज दुसऱ्याला जागे करते आणि मग ती पेशीतील प्रथिने नेमक्या ठिकाणी तोडतात. हा क्रम आनुवंशिक रचनेतच लिहिलेला आहे. एका सूक्ष्म गोलकृमीच्या वाढीत निर्माण होणाऱ्या १,०९० पेशींपैकी नेमक्या १३१ पेशी ठरल्या वेळी मरतात. हे आणि त्यामागील जनुके दाखविणाऱ्या संशोधनास २००२ मध्ये ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

केसाच्या जीवनात ही गळ एका चक्राचा भाग आहे. डोक्यावरील प्रत्येक पुटक साधारण दोन ते सहा वर्षे वाढीच्या अवस्थेत असते. नंतर दोन-तीन आठवड्यांची ओहोटीची अवस्था येते. तीत पुटकाच्या खालच्या भागातील पेशी अपॉप्टोसिसने मरतात आणि पुटक आखडून वर सरकते. पुढील सुमारे तीन महिने विश्रांतीचे. त्यानंतर जुना केस सुटतो आणि नवा उगवू लागतो. डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. त्यांपैकी शेकडा ८५ ते ९० वाढीत असतात आणि बाकीचे बहुतेक विश्रांतीत. झाडाची पाने एकाच ऋतूत झडतात. मनुष्याच्या केसांना असा सामाईक ऋतू नसतो. प्रत्येक पुटकाची पानगळ स्वतंत्र असल्यामुळे रोज पन्नास ते शंभर केस गळूनही डोके भरलेलेच दिसते.

ओहोटीत सर्वच पेशी मरत नाहीत, हे विशेष. केशांकुराच्या पेशी वाचतात, आणि पुटकाच्या वरच्या भागातील फुगवट्यात राहणाऱ्या मूलपेशीही वाचतात. या मूलपेशींचे स्थान १९९० मध्ये निश्चित झाले. नव्या चक्राच्या आरंभी केशांकुराकडून इशारा येतो आणि मूलपेशींपासून नवा केशकंद तयार होतो. तेव्हा ओहोटीतील मृत्यू हा जागा मोकळी करणारा मृत्यू होय. तो झाला नाही तर नव्या केसाला वाव मिळणार नाही.

सुश्रुताने इंद्रलुप्ताचे, म्हणजे टक्कल पडण्याचे, दोन टप्पे सांगितले आहेत : प्रथम वातासह पित्त रोमकूपात शिरून केस पाडते, आणि नंतर रक्तासह कफ रोमकूप रोधून नवे केस येऊ देत नाही. दोषांची परिभाषा बाजूस ठेवली, तरी केस पडणे आणि केस पुन्हा न येणे या दोन निराळ्या घटना आहेत, हा भेद त्याने स्पष्ट केला होता. आजच्या वैद्यकातही रुग्णास सर्वप्रथम हाच भेद करून सांगावा लागतो.

४

चक्राचे घड्याळ कोण फिरविते? अनेक संप्रेरके आणि वाढीचे घटक त्यात गुंतलेले आहेत. त्यांपैकी एका विकराची कथा सर्वांत अधिक अभ्यासली गेली आहे. पुरुषसंप्रेरक टेस्टोस्टेरॉन याचे रूपांतर अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये करणाऱ्या विकरास पाच-अल्फा-रिडक्टेज म्हणतात. डोमिनिकन प्रजासत्ताकातील काही कुटुंबांत या विकराची जन्मजात उणीव असल्याचे १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा पुरुषांना टक्कल पडत नाही, असे आढळले. या विकरास रोखणारे फिनास्टेराइड हे औषध प्रथम पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीसाठी आणि १९९७ पासून अमेरिकेत टकलासाठी संमत झाले. आनुवंशिक टकलात पुटके एकदम मरत नाहीत. वाढीचा काळ प्रत्येक चक्रागणिक तोकडा होत जातो, पुटक लहान होते आणि दाट केसाच्या जागी बारीक लव उरते. हेच संप्रेरक दाढीच्या पुटकांना मात्र वाढीस लावते. एकच पाऊस एका रानास फळतो आणि दुसऱ्यास कुजवितो, तसे येथे होते. फरक पुटकाच्या ग्रहणशीलतेत असतो.

आणखी दोन उदाहरणे पुरेत. मिनॉक्सिडिल हे औषध पुटकातील एका विकराने रूपांतरित केल्यावाचून कार्य करीत नाही. ज्यांच्या पुटकात ते विकर कमी, त्यांना गुणही कमी. उलट, ऑर्निथिन डिकार्बोक्झिलेज हे विकर जननस्तरातील पेशींच्या विभाजनास आवश्यक असते. त्यास रोखणारे एफ्लॉर्निथिन हे आफ्रिकेतील निद्रारोगावरचे औषध, आणि त्याचा लेप स्त्रियांच्या चेहऱ्यावरील अनावश्यक केसांची वाढ मंदावण्यासाठी वापरला जातो.

पिकणे हे क्रियापदही येथेच तपासून घ्यावे. फळ पिकते तेव्हा त्याला रंग चढतो. केस पिकतो तेव्हा त्याचा रंग जातो. केशकंदातील रंगपेशी टायरोसिनेज या विकराच्या साहाय्याने रंगद्रव्य तयार करतात. वाढत्या वयात या रंगपेशींचा पुरवठा करणाऱ्या मूलपेशी कमी होत जातात, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड निष्प्रभ करणारे कॅटलेज हे विकर उणावल्यामुळे ते पुटकात साठते, असेही आढळले आहे. म्हणजे पिकलेला केस परिपक्व झालेला नसतो. त्याचा रंगारी गेलेला असतो. रूपक येथे अगदी उलट्या दिशेस जाते.

५

तिसरा प्रकार अकाली मृत्यूचा. त्याचे दोन उपप्रकार ध्यानी घेणे अवश्य आहे. तीव्र ताप, बाळंतपण किंवा मोठी शस्त्रक्रिया यांच्या धक्क्याने वाढीतील पुष्कळ पुटके एकाच वेळी ओहोटीत जातात. विश्रांतीचे दोन-तीन महिने उलटल्यावर केस मुठी-मुठीने गळू लागतात. तोवर ताप विस्मरणात गेलेला असतो. पुढे चक्र आपोआप सुरू होते आणि काही महिन्यांत केस परत येतात. जगदीशचंद्रांच्या कथानायकाचे केस गेले ते बहुधा याच रीतीने. आता या काळात त्याने कोणतेही तेल लावले असते, तरी केस परत आल्याचे श्रेय त्या तेलाला मिळाले असते. एका शतकाहून अधिक काळ केशतेलांच्या जाहिराती ज्या प्रामाणिक प्रशस्तिपत्रांवर उभ्या राहिल्या, त्यांतील पुष्कळांचे रहस्य पुटकाच्या या चक्रात आहे.

दुसरा उपप्रकार अधिक थेट आहे. येथे आघात जननस्तरावरच होतो आणि वेगाने विभागणाऱ्या पेशी तेथल्या तेथे अपॉप्टोसिसच्या मार्गास लागतात. कर्करोगावरील औषधांनी केस जातात ते असे. एक ते तीन आठवड्यांतच गळ सुरू होते. मूलपेशी क्वचितच विभागत असल्यामुळे बहुधा वाचतात आणि उपचार संपल्यावर बहुतेकांना केस पुन्हा येतात.

महाराष्ट्रास या प्रकाराचा अनपेक्षित परिचय घडला तो बुलढाणा जिल्ह्यात. डिसेंबर २०२४ ते जानेवारी २०२५ या काळात शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा आदी गावांत स्त्री-पुरुषांचे आणि मुलांचे केस तीन-चार दिवसांत हातात येऊ लागले. पुढे अठरा गावांतील २७९ व्यक्तींची संख्या प्रसिद्ध झाली. प्रथम पाण्यावर, मग बुरशीवर संशय गेला; भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके गावांत आली. विंचूदंशावरील उपचारासाठी प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी स्वतंत्रपणे तपास केला. रुग्णांच्या रक्तात, मूत्रात आणि केसांत सेलेनियमचे प्रमाण अनुक्रमे सुमारे ३५, ६० आणि १५० पट वाढल्याचे, तसेच जस्त कमी असल्याचे त्यांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. शिधावाटपाच्या दुकानांतून आलेल्या परप्रांतीय गव्हात हे सेलेनियम होते, असा त्यांचा निष्कर्ष होता. एप्रिल २०२५ मध्ये त्याच परिसरात नखे विद्रूप होऊन गळू लागल्याची वृत्ते आली. नखही केराटिनाचेच असते, हे ध्यानात घेतले म्हणजे या दोन घटनांचा संबंध उघड होतो.

सेलेनियम हे मूलद्रव्य आवर्त सारणीत गंधकाच्या लगेच खाली येते, आणि दोहोंचे रासायनिक वर्तन जवळचे आहे. अत्यल्प प्रमाणात ते आवश्यक असते; पेशीचे ऑक्सिडीकरणापासून रक्षण करणाऱ्या ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेजसारख्या विकरांच्या गाभ्यात ते असते. अमेरिकेतील मानकानुसार प्रौढास रोज ५५ मायक्रोग्रॅम सेलेनियम पुरे, आणि ४०० मायक्रोग्रॅमची मर्यादा ओलांडू नये. अति झाले की तेच द्रव्य पेशीतील गंधकयुक्त द्रव्यांशी संयोग पावून ऑक्सिडीकरणाचा ताण वाढविते, आणि ज्या केराटिनाचे बळ गंधकाच्या दुव्यांवर अवलंबून आहे त्याची घडणही बिघडते. चीनमधील हूबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात असेच घडले होते. दुष्काळात भाताचे पीक बुडाले, लोक सेलेनियमयुक्त जमिनीतील मका आणि भाज्यांवर जगू लागले. सर्वाधिक पीडित अशा पाच गावांतील २४८ रहिवाशांपैकी जवळजवळ निम्म्यांना बाधा झाली आणि केस व नखे गळणे हे तिचे मुख्य लक्षण होते.

बंगालला हा धडा दुसऱ्या एका विषाने दिलेला आहे. कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील डॉ. के. सी. साहा यांनी १९८३ च्या सुमारास पश्चिम बंगालमधील कूपनलिकांच्या पाण्यातून होणारी आर्सेनिकची, म्हणजे सोमलाची, बाधा ओळखली. पुढे जादवपूर विद्यापीठातील दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खेडोपाडीच्या लोकांचे केस आणि नखे तपासून तिचा विस्तार दाखवून दिला. आर्सेनिकही केराटिनातील गंधकाला चिकटते. केसात शिरलेले द्रव्य परत रक्तात जात नाही, कारण तेथे ते परतविणारी जिवंत पेशीच नसते. महिन्याला एक सेंटिमीटर या हिशेबाने केस आपल्या धन्याने काय खाल्ले-प्यायले याची नोंद ठेवतो. केसाचे मृतपणच त्याला विश्वसनीय साक्षीदार बनविते.

शेगावच्या गावांत गळलेल्या केसांपेक्षा अधिक दुःखद होते ते लोकांचे वागणे. मुलामुलींना शाळा-महाविद्यालयात जाणे नकोसे झाले, ठरलेली लग्ने मोडली, कित्येकांनी लाजेपोटी मुंडन करून घेतले, अशी वृत्ते आली. काही आठवड्यांत अनेकांच्या डोक्यावर पुन्हा केस दिसू लागले. जननस्तर मेला तरी मूलपेशी जगतात हे ज्ञान त्या गावांत आधी पोहोचले असते, तर निदान मोडलेली लग्ने वाचती. जमीन नापीक झाली असे रूपक सांगत होते. वास्तविक जमीन शाबूत होती आणि पीक तेवढे गेले होते.

६

केसांवरून माणसाचे, विशेषतः स्त्रीचे, सामाजिक स्थान ठरविण्याची रीत आपल्या साहित्याने बारकाईने टिपली आहे. मोकळ्या केसांची द्रौपदी हे तिचे महाकाव्यातील रूप, तर सक्तीचे केशवपन हे एकोणिसाव्या शतकातील. हरिभाऊ आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’ या कादंबरीत यमूवर ओढवलेल्या केशवपनाने मराठी वाचक हादरला. ती १८९० पासून ‘करमणूक’ पत्रातून क्रमशः येऊ लागली, आणि त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतील नाभिकांनी विधवांचे केशवपन न करण्यासाठी संप केला. या संपाचे सामर्थ्य समजून घेण्यास पुटकाचे शास्त्र उपयोगी पडते. वस्तरा मृत दांडा कापतो. जननस्तराला त्याचा स्पर्शही होत नाही. म्हणून केशवपन एकदा करून संपणारा संस्कार कधीच होऊ शकला नाही. विधवेचे शरीर दर महिन्यास त्या निर्णयाविरुद्ध एक सेंटिमीटर वाढे, आणि प्रत्येक वेळी कोणा नाभिकाचे श्रम लागत. रूढी जर या पुनःपुन्हा कराव्या लागणाऱ्या श्रमांवर उभी होती, तर श्रम नाकारणे हा तिच्यावरील अचूक आघात होता. लोखंडे यांच्यासारख्या कामगारपुढाऱ्यास हे उमजले, यात नवल नाही.

आता परिभाषेविषयी दोन शब्द. अपॉप्टोसिससाठी पेशीनाश किंवा पेशीमृत्यू हे शब्द मराठीत सर्रास वापरले जातात. परंतु जखमेने मरणारी पेशी आणि ठरल्या वेळी निवृत्त होणारी पेशी यांतील जो भेद १९७२ च्या निबंधाने प्रस्थापित केला, तो या शब्दांत बुजून जातो. आघाताने होणाऱ्या मृत्यूस पेशीनाश आणि अपॉप्टोसिसला पेशीगळ म्हटल्यास, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ राखला जाईल आणि मराठी वाचकाला तो कोशाविना कळेल. ‘गळ’ हा शब्द पानगळीमुळे आधीच घरचा आहे. बंगालीत ‘झरा’ आणि हिंदीत ‘झड़ना’ यांवरून असेच शब्द घडविता येतील, आणि तसे झाले तर एका जागतिक शास्त्रीय संज्ञेला अनेक भारतीय भाषांत एकाच मुळाची प्रतिमा लाभेल. जगदीशचंद्रांनी आपल्या भाषेत विज्ञान लिहिण्याचा जो आग्रह धरला, त्याच्याशी हे सुसंगतच आहे.

शेताचे रूपक टाकून देण्याचे कारण नाही. त्याची दुरुस्ती करणे पुरे. केस उगवतो तो खालून, पिकतो तो रंग गमावून, आणि गळतो तो पुष्कळदा पुन्हा येण्यासाठी. केस गळू लागलेल्या माणसाने विचारावयाचा प्रश्न कोणते तेल लावावे हा नसून, पुटक शाबूत आहे की नाही हा आहे. आणि एकाच गावातील अनेकांचे केस एकाच वेळी गळू लागले, तर प्रश्न त्यांच्या दैवाचा नसून त्यांच्या धान्याचा आणि पाण्याचा असतो.